ऱ्हस्व 'वडि'

ताई गेल्यावर भाच्याने तिच्या वहीतल्या आठवणी टाइप करून साध्या मजकुराच्या रूपात वेबवर ठेवल्या. वडिलांबद्दल तिने काय लिहिलंय, ते मला एकत्र वाचायचं होतं. सगळं वाचायचं तर डोळे साथ देत नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, पॉवरशेलमध्ये गाळून घ्या ना!" आणि फोनवरच शिकवणी सुरू झाली.

'इन्व्होक-वेबरिक्वेस्ट'ने मजकूर आणायचा, 'सिलेक्ट-स्ट्रिंग'ला शब्द द्यायचा. तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या मिळतात. मी 'वडील' दिला, तर अख्खी वहीच पडद्यावर! झालं होतं असं, की वेबवरून आलेला मजकूर म्हणजे त्याच्या लेखी एकच सलग माळ. तीत कुठेही शब्द सापडला की तो सगळी माळच हातात देतो. आधी 'स्प्लिट'ने ती ओळींच्या खुणेवर तोडावी लागते. (केन थॉम्प्सन यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्ससाठी केलेला 'ग्रेप' मुळातच ओळीओळीने वाचतो. असो.)

तोडली. ओळी आल्या चार. फक्त चार!

सातवीनंतर वडिलांनी ताईची शाळा बंद केली होती. तो राग तिने शेवटपर्यंत धरला की काय? दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्यातला मास्तर जागा झाला. अहो, 'वडील' फक्त प्रथमेत! पुढे वडिलांनी, वडिलांना, वडिलांच्या. सामान्यरूपात दीर्घ 'डी'चा ऱ्हस्व 'डि' होतो. यंत्र अक्षरं जुळवतं, विभक्ती त्याला कुठली कळायला? बरं, नुसतं 'वड' द्यावं तर आवड, निवड, सवड, सगळंच गाळणीतून खाली येणार. शेवटी 'वडील' आणि 'वडिल' ही दोन्ही रूपं मध्ये उभी रेघ मारून दिली. उभी रेघ म्हणजे 'किंवा'.

पडदा भरून गेला. शाळा सुटल्यावर वडिलांनी तिला वाचनालयातून गुपचूप आणून दिलेली पुस्तकं, वडिलांच्या सायकलवरून पाहिलेली जत्रा... यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

'वडिल' असं ऱ्हस्व लिहिणाऱ्या पोरांच्या वह्यांवर मी आयुष्यभर लाल खुणा केल्या. त्याच ऱ्हस्वाने मला माझे वडील परत दिले. आणि ताईवर मी दोन दिवस उगाच घेतलेला संशय? तो गाळायला मात्र कुठली आज्ञा नाही.