थांबायला जागा



यंदा गणपतीत आरती झाल्यावर मंडळातली कॉलेजची मुलं-मुली माझ्याभोवती बसली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "काकू, एवढी मोठी गाडी तुम्ही खरंच चालवता? रात्री भीती नाही वाटत? झोपता कुठे? अंघोळ कुठे करता?" प्रसादाच्या गडबडीत उत्तरं अर्धीच राहिली. अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा म्हटलं, तीच उत्तरं नीट लिहून द्यावीत.

मी इंदूरची. माहेर आणि सासर, दोन्ही इथलंच. गेली सात वर्षं ट्रक चालवते. पीथमपूरच्या कारखान्यांतून माल भरायचा, भिवंडीला किंवा न्हावाशेवाला उतरवायचा आणि वापसीला मिळेल तो माल घेऊन घरी यायचं. एका बाजूचं अंतर सहाशे किलोमीटरच्या घरात. आमची गाडी दहा टायरी आहे. भरली की गाडी आणि माल मिळून २८ टनांपर्यंत वजन जातं.

गाडी आमच्या ह्यांची. मी तेव्हा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत असे. ह्यांचं मणक्याचं दुखणं वाढलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रक चालवणं कायमचं बंद करायला सांगितलं. बँकेचे हप्ते मात्र बंद होणार नव्हते. पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले. एक दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही, दुसऱ्याच्या डिझेलचा हिशोब कधी जुळेना. शेवटी मी म्हटलं, मीच शिकते. लहान गाडीचं लायसन्स घेऊन एक वर्ष झाल्याशिवाय व्यावसायिक गाडीचं लायसन्स मिळत नाही, पण माझं तर दहा वर्षांचं जुनं होतं. मोठी गाडी ह्यांनीच शिकवली, बाजूच्या सीटवर पाठीला उशी लावून बसून. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लोकांचं मी बघते, तू हप्त्याचं बघ."

आता ह्यांचं ऑफिस म्हणजे घरातलं टेबल आणि दोन फोन. माल शोधणं, ब्रोकरशी भाडं ठरवणं, बिल्टी, ई-वे बिल हे सगळं ते बघतात. माझ्याबरोबर क्लीनर असतो, बडवानीकडचा एकवीस वर्षांचा मुलगा. मला मौसी म्हणतो.

बाईच्या हाताला एवढी गाडी झेपते का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. हल्लीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं, वळवायला ताकद लागत नाही. ताकद लागते ती ताडपत्री ओढून रस्सा आवळताना आणि टायर बदलताना. ते काम पुरुष ड्रायव्हरही एकट्याने करत नाहीत, आम्हीही दोघं मिळून करतो. बाकी सगळं डोक्याचं आणि कानाचं काम आहे. निघण्याआधी लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकून बघायचा. हवा बरोबर असेल तर आवाज टणक येतो, कमी असेल तर बद्द. ऑइल, पाणी, युरिया बघायचा. ब्रेक हवेवर चालतात, म्हणून हवेचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

खरी परीक्षा घाटात. मुंबईकडे निघालं की मानपूरच्या पुढे रस्ता माळव्याचं पठार सोडून निमाडात उतरतो. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. ब्रेक फेल होऊन तिथे कितीतरी अपघात झाले. आता २०२४ च्या अखेरीस तो उतार टाळणारा नवा रस्ता सुरू झालाय. ब्रेक फेल होतो म्हणजे बहुतेक वेळा काही तुटत नाही. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की ड्रम आणि लायनर तापतात आणि तापलेल्या लायनरची पकड सुटते. त्यात कुणी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, तेही बंद होतं. मग २८ टन वजन नुसतं खाली धावतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मला शिकवताना ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "चालवायला कुणीही शिकतं. तू आधी थांबवायला शीक."

पुढे खलघाटला नर्मदेचा पूल लागतो. क्लीनर "नर्मदे हर" म्हणतो, मी मनात म्हणते. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट आणि बिजासनी मातेचं देऊळ. आपल्या इंदुरात विमानतळाजवळच्या टेकडीवर एक बिजासन आहे, ही दुसरी, दोन राज्यांच्या सीमेवरची. तिला हात जोडून घाट उतरलं की महाराष्ट्र. तिथे एक गंमत होते. इकडे धाब्यावर, पंपावर सगळे मला दीदी म्हणतात. घाट उतरला की शिरपूरपासून मी ताई होते. मराठी बोलले की लगेच विचारतात, "ताई, तुम्ही कुठल्या? बोली जरा वेगळी वाटते." इंदूरची म्हटलं की चहाचे पैसे घेत नाहीत. थंडीत धुळ्याजवळच्या एका धाब्यावरच्या आजी माझ्यासाठी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी राखून ठेवतात. पिंपळगाव बसवंतला कांदे स्वस्त मिळाले तर घरी आणि शेजारी पुरतील एवढे घेते.

मी काही या रस्त्यावरची पहिली बाई नाही. भोपाळच्या योगिता रघुवंशी, आपल्या नंदुरबारला वाढलेल्या, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या, वीस वर्षांहून जास्त काळ देशभर ट्रक नेत आहेत. त्यांच्या बातम्या वाचूनच ह्यांना सुचलं होतं की बायकोला विचारून बघावं. बाई ट्रक चालवू शकते का, हा प्रश्न त्यांनी केव्हाच निकालात काढलाय.

उरलेला प्रश्न आहे तो थांबण्याचा. गाडी लावल्यावर बाईने जायचं कुठे?

पुरुष ड्रायव्हरला रस्त्याची कुठलीही कड चालते. मला चालत नाही. म्हणून माझ्याकडे एक वही आहे. इंदूरपासून न्हावाशेवापर्यंत कुठल्या पंपावर, कुठल्या धाब्यावर कशी सोय आहे, ते तिच्यात लिहिलेलं आहे. "कडी आतून लागते." "दिवा नाही, बॅटरी न्यावी." "किल्ली मॅनेजरकडे, रात्री दहानंतर मिळत नाही." "बादली आहे, मग नाही." माझं वेळापत्रक माल आणि रस्ता यांच्याइतकंच या वहीवर ठरतं. अंघोळ पहाटे साडेचारला, पंपावर गर्दी होण्याआधी. रात्रीचा मुक्काम शक्यतो ओळखीच्या धाब्यावर, दिव्याखाली, चार गाड्यांच्या मध्ये. केबिनचे पडदे लावायचे आणि दोन्ही दरवाजांच्या हँडलमधून एक पट्टा ओढून बांधायचा, म्हणजे बाहेरून दार उघडत नाही. क्लीनर वर ताडपत्रीवर झोपतो. मला भीतीपेक्षा झोप जास्त लागते, हे खरं सांगते.

पण वहीत न बसणारी एक जागा आहे, ती म्हणजे माल उतरवण्याची. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, त्यामुळे सगळ्यांना घाई असते ती गाडी पोहोचेपर्यंत. पोहोचली की घाई संपते. गोदामाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि आपला नंबर सहा तासांनी येईल की दोन दिवसांनी, कुणी सांगत नाही. नंबर जाईल म्हणून गाडी सोडून लांबही जाता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका मोठ्या गोदामाबाहेर मी एकतीस तास उभी होते. गेटच्या आत स्वच्छ इमारत, काचेची दारं, स्टाफसाठी बाथरूम. गेटवरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "ड्रायव्हर लोकांचं बाहेर." बाहेर म्हणजे भिंतीमागचं मोकळं मैदान आणि तिथे शंभरेक पुरुष. तो माणूस वाईट नव्हता, त्याला हुकूमच तसा होता. अशा वेळी सगळ्या बायका जे करतात तेच मीही करत होते, पाणी प्यायचं नाही. मे महिना, तापलेला पत्रा आणि दिवसभरात दोन पेले पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी बिलिंगमधली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, तुमच्याएवढीच असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. गेटवरचं रजिस्टर मागितलं, त्यात माझं नाव लिहिलं आणि 'कोणत्या कामासाठी' या रकान्यात 'मला भेटायला' असं लिहून मला आत घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर ताप भरला. इंदूरला पोहोचले तेव्हा उभं राहवत नव्हतं. मूत्रमार्गाचा संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. पाच दिवस सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलाच हवं." मी विचारलं, "आणि मग जायचं कुठे?" त्या गप्प झाल्या.

त्या पाच दिवसांत घरी गाडी विकायची चर्चा झाली. हे म्हणाले, विकू. दिरांनी गिऱ्हाईकही आणलं. हिशोब केला तर कर्ज फेडून हातात फारसं काही राहत नव्हतं, आणि पुढे काय, याला उत्तर नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "गाडीनं काय वाईट केलं? गाडी विकून बाहेरचे संडास सुधरणार आहेत का?" गाडी राहिली. आता आम्ही काही गोष्टी ठरवल्यात. भाडं ठरवतानाच हे समोरच्याला विचारतात, ड्रायव्हर बाई आहे, आत सोय मिळेल का? काही ब्रोकर हसतात, काही फोन ठेवतात. पण गेल्या वर्षभरात तीन ठिकाणांहून "हो, मिळेल" असं आलं आणि खरंच मिळालं. जिथे नाही म्हणतात तिथला माल आम्ही घेत नाही. त्यात पैसे बुडतात, पण दवाखान्यात त्याहून जास्त जातात.

लेकीने मला एकदा मोबाईलवर शोधून दाखवलं. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं की ड्रायव्हर लोकांना रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली असावी, आणि काम दिवसाला आठ तास असावं. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीच कुणीतरी याचा विचार केला होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं, निमाडातल्या उन्हाळ्यात केबिन भट्टी होते. पण केबिनच्या बाहेर पाय ठेवल्यावर काय, ते अजून कुठल्या कारखान्यात बसवून मिळत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे ही लेक. ती बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान गाडीचं लायसन्स होऊन तिला वर्ष झालं आणि आता तिला मोठ्या गाडीचं हवंय. तिला दुसरी गाडी घ्यायची आहे, स्वतःचं ट्रान्सपोर्ट काढायचंय, आणि ती म्हणते की ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला ड्रायव्हर फसवतात. तिचं म्हणणं मला पटतं. नातेवाईक म्हणतात, तू केलंस ते नाइलाजाने, पोरीला कशाला? तिच्या हाताची मला काळजी नाही. शेजारच्या सीटवर बसून तिने दोन फेऱ्या केल्यात, तिचं लक्ष माझ्यापेक्षा चांगलं आहे. काळजी आहे ती भिवंडीच्या त्या भिंतीची.

आणि इथे तुमचा संबंध येतो. आपल्या मंडळातली कितीतरी मुलं-मुली पीथमपूर, देवासच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. कुणाच्या घरचं गोदाम आहे, कुणाचा पंप, कुणाचं हॉटेल. तुमच्या गेटवर रोज ट्रक उभे राहतात. त्यातल्या एखाद्यात बाई असेल, किंवा ड्रायव्हरची बायको आणि लेकरू असेल. फार काही लागत नाही. एक संडास, आतून लागणारी कडी, दिवा, नळ, बादली-मग, आणि 'ड्रायव्हरसाठी' अशी पाटी. पुरुष ड्रायव्हरलाही मैदानात जायची हौस नसते. आणि वरून परवानगी येईपर्यंत गेटवरचं रजिस्टर तर तुमच्या हातात आहेच. त्या मुलीने केलं तेवढं कुणालाही करता येतं.

तुमच्याकडे अशी सोय असेल किंवा नव्याने झाली तर मंडळात कळवा. मी वहीत लिहून घेईन. लेकीने लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरून ठेवलाय आणि परीक्षा संपली की मी तिला घेऊन जाणार आहे. ती वही पुढे तिच्या उपयोगी पडेल.