कृष्णामाईची नाडी

माघ सरत आला होता. नदीचे पाणी उतरलेले, ऊसतोड ऐन भरात आणि मला चार दिवसांची रजा मिळालेली. माझा पुतण्या कराडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "काका, महाबळेश्वरापासून हरिपुरापर्यंत कृष्णा बघायची आहे, चला की." मी म्हटले, "अरे, तीस वर्षे तिच्याच काठाने फटफटी फिरवतोय, आणखी काय बघायचे?" त्यावर तो हसून म्हणाला, "तुम्ही वरून बघितलीत. मी दगडाखालून बघायची म्हणतोय."

सामान फारसे नव्हते. एक पांढरी एनॅमलची परात, एक जुना रंगाचा ब्रश आणि पिठाची चाळण. चाळण मागितली तेव्हा घरातून मिळाली खरी, पण "आता ही पुन्हा पिठाला आणायची नाही" असे बजावूनच.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात आपण सारे जाऊन आलेलो असतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे उतरते, तर कृष्णा पूर्वेला वळून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. दर्शन घेऊन आम्ही वाईकडे उतरलो आणि धोम, बलकवडी ही धरणे मागे टाकून वर जोरच्या खोऱ्यात शिरलो. पाणी गुडघाभर, खालचा खडा न् खडा दिसणारा. पुतण्याने एक दगड अलगद उचलला, परातीत थोडे पाणी घेऊन त्यावर ब्रश फिरवला आणि मला म्हणाला, "बघा आता."

परातीत जणू गावजत्रा भरली होती. तीन शेपट्यांचे चपटे किडे, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे कल्ले हलवणारे. दोन शेपट्यांचे जाड किडे, दगडाला घट्ट धरून बसणारे. बारीक खडे चिकटवून स्वतःभोवती नळी बांधलेली एक अळी तर मला फार आवडली; घर पाठीवर घेऊनच ती चालत होती. यांची मराठी नावे मला ठाऊक नाहीत, आणि कोणी विचारीत नाही म्हणून ती रुळलीही नसावीत. पण कामाची गोष्ट वेगळी आहे. या तिन्ही जातींना थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी नासू लागले की सर्वांत आधी याच जातात. सर्वांत शेवटी उरतात त्या गाळातल्या लाल अळ्या आणि दोऱ्यासारखे लाल किडे. त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखेच लाल द्रव्य असते, त्यामुळे अगदी थोड्या प्राणवायूवरही त्यांचे भागते.

आता तुम्ही विचाराल, पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत का पाठवू नये? जरूर पाठवावे. पण बाटली फक्त त्या घटकेचे सांगते. रात्री कोणी काही सोडले आणि पहाटेपर्यंत ते वाहून गेले, तर दुपारची बाटली स्वच्छच निघायची. दगडाखालची अळी मात्र महिनोन् महिने तेथेच नांदत असते. तिला दिवस काय आणि रात्र काय, सारेच सोसावे लागते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून यावर काम होऊन गुणांचा तक्ता तयार झाला. नाजूक किड्यांच्या कुळाला १० गुण, गाळातल्या किड्यांना १, आणि बेरजेवरून नदीची प्रकृती ठरते. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशी पद्धत बसवली आहे.

वाईचे घाट, मेणवली, संगम माहुली ही ठिकाणे आम्ही भराभर ओलांडली. कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात, ते दृश्य कितीदा पाहिले तरी पाय निघत नाही. येथे मला एक धडा मिळाला. संगमाखाली पाणी संथ होते, परातीत दोन शेपट्यांचा एकही किडा आला नाही, आणि मी लगेच "नदी बिघडली" असे म्हणून मोकळा झालो. पुतण्याने मला थांबवले. संथ, गाळाच्या पाण्यात तो किडा मुळातच राहत नाही. बंधाऱ्याच्या फुगवट्यातले पाणी डोंगरातल्या झऱ्याशी ताडून पाहणे म्हणजे मुरमाड रानाचा उतारा काळ्या रानाशी ताडण्यासारखे. ताडायचे तर खळाळ खळाळाशी, डोह डोहाशी, आणि तेही दरसाल त्याच महिन्यात. मोठ्या पुरानंतर तर काही काळ चांगली नदीही रिकामी दिसते.

पुढे बहे, भिलवडी असे करीत औदुंबरला पोचलो. दत्तदर्शन झाल्यावर काठावर बसलो असता एक गृहस्थ म्हणाले, "साहेब, आमच्या नदीला काही झालेले नाही. मगरी आहेत की अजून!" हा समज मी पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. मगर हवेत श्वास घेते. मैल्या पाण्यातही ती तग धरते. बडोदे शहरातल्या घाणेरड्या विश्वामित्री नदीतही मगरी आहेतच. तेव्हा मगर दिसली तर धुणे धुताना सांभाळावे, पण तिच्यावरून नदीची परीक्षा करू नये.

खरी साक्ष दिली शिंपल्यांनी. काठाच्या गाळात हात घालून आम्ही पंधरा-वीस जिवंत शिंपले काढले आणि पाहून परत ठेवले. सारे मोठे, जाड कवचाचे, म्हातारे. नखाएवढे पिल्लू एकही नाही. मला वाटले, शिंपले आहेत म्हणजे बरेच आहे. पुतण्या मात्र गप्प झाला. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची पिल्ले सुरुवातीला माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग गळून गाळात बसतात. योग्य जातीचे मासे हटले, किंवा गाळ नासला, की नवी पिढी थांबते. म्हातारे मात्र कितीतरी वर्षे जगत राहतात. पोरे सगळी मुंबई-पुण्याला गेलेली आणि ओसरीवर आजोबाच बसलेले, अशी गावे आपण पाहतो. शिरगणतीत घरे भरलेली दिसतात.

सांगलीत आयर्विन पुलाखाली एक वयस्क भोई भेटले. जाळ्यात बहुतेक चिलापीच होती. हा मासा आफ्रिकेतला; कसल्याही पाण्यात वाढतो. "शिवडा, वाम, मरळ घावायची पूर्वी. आता ह्योच," ते म्हणाले. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, त्याचा विषय निघाला. ते प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. भोईबाबा म्हणाले, "मासं मरायच्या आधी झिंगे काठाला चढत्यात, सायेब. दम कोंडला की वर येत्यात. आमाला कळतं. पर सांगायचं कुणाला?"

मला उत्तर देता आले नाही. झिंगे काठाला चढलेले मीही पाहिले होते, पूर्वी एकदा, जीपमधून जाताना. लोक पिशव्या भरभरून नेत होते. मजा वाटली आणि मी पुढे गेलो. मळी किंवा सांडपाणी पाण्यात आले की ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात. माशांना लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा. तो घटला की आधी झिंगे, मग मासे. बी.एस्सी.ला हे सारे शिकलो होतो.

आणि दोष केवळ मळीचा म्हणून हात झटकता येत नाही. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश, तेही हप्त्याहप्त्याने, अशी विद्यापीठाची शिफारस. "हप्त्याने द्या" हे मी सभेत सांगितले, पण "जास्त देऊ नका" हे तितक्या जोराने सांगितले नाही. पाटाने भरपूर पाणी सोडले की नत्र मुळांच्या खाली जाते, ओढ्याला लागते, ओढा नदीला. वाळवा-मिरजेकडची कित्येक राने याच अति पाण्याने क्षारपड झाली, ते आपण डोळ्यांनी पाहतो. पण ओढ्यातून पुढे काय जाते ते कोणी पाहत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदी मक्याच्या शेतांतले खत मेक्सिकोच्या आखातात नेते. तेथे दर उन्हाळ्यात शेवाळ माजते, कुजते आणि समुद्रतळाचा मोठा पट्टा प्राणवायूवाचून ओस पडतो. समुद्राची प्रकृती पाहण्यासाठी त्या देशाने १९८६ पासून किनाऱ्यावरचे शिंपलेच नेमाने तपासायला घेतले. आपल्या साताऱ्याची गंमत अशी की कोयनेचे पाणी दोन्हीकडे जाते. कराडहून कृष्णेबरोबर पूर्वेला, आणि वीजघरातून उतरून वाशिष्ठीमार्गे दाभोळच्या खाडीत, पश्चिमेला.

शेवटचा मुक्काम हरिपूर. संगमेश्वराच्या देवळाखाली वारणा येऊन मिळते. उन्हे कलली होती. परातीत लाल अळ्यांचा गुंता, दोन गोगलगायी, आणि पुतण्याने पुन्हा चाळल्यावर तीन शेपट्यांचा एक किडा. एकच. तो वारणेकडच्या बाजूला निघाला. त्याने वहीत जागा आणि तारीख लिहिली आणि किडा पाण्यात सोडला.

सोमवारी एका गावात खत-व्यवस्थापनाची सभा होती. तक्त्याबरोबर मी परात आणि चाळणही नेली. एका आप्पांनी विचारले, "सायेब, ह्यात डोस कुठं लिवलाय?" मी म्हटले, "चला, तुमच्या रानाखालच्या ओढ्यावर जाऊ." सातआठ जण उठले. पहिला दगड आप्पांनीच उलटला.