करंगळी

आमच्या लहानपणीं शाळेंत करंगळी वर करण्याची पद्धत होती. मास्तर फळ्यावर त्रैराशिक मांडीत असावे, मागच्या बांकावरून एक करंगळी हळूच वर यावी, मास्तरांनीं मानेनेंच होकार द्यावा आणि मुलानें धूम ठोकावी. साऱ्या व्यवहारांत एका शब्दाचाही खर्च होत नसे. या पद्धतीची थोरवी आम्हांस कळावयास मात्र वयाचें ५३ वें वर्ष उजाडावें लागलें. तोंपर्यंत महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून, म्हणजे केवळ शब्दांवर, आम्हीं संसार चालविला होता. परंतु 'लघवी नीट होत नाहीं' हें चार शब्दांचें वाक्य बोलावयाची वेळ आली, तेव्हां मिल्टन किंवा जॉन्सन यांपैकीं कोणीही आमच्या मदतीस धांवला नाहीं. आणि पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें करंगळी दाखवावी तरी कोणाला?

दुखणें आलें तें दबक्या पावलांनीं. धार बारीक झाली. सुरू व्हावयास ती अंमळ वेळ घेऊं लागली. झालें म्हणून परत फिरावें तों पुनः चाहूल. रात्रीं एकदां उठत होतों, तो दोनदां उठूं लागलों, मग तीनदां. यावर आम्हीं जो इलाज केला तो वैद्यकाचा नव्हता, भूगोलाचा होता. पुण्याहून कोल्हापुरास जातांना घाटाच्या अलीकडे गाडी कोठें थांबते, साताऱ्याच्या स्थानकांत उतरल्यावर कोणीकडे वळावें, कऱ्हाडला किती मिनिटें मिळतात, या विषयांतलें आमचें ज्ञान कंडक्टरलाही लाजवील असें झालें. नाटकगृहांत कडेची खुर्ची, सभेंत दाराजवळची. परीक्षेच्या वर्गावर तीन तास देखरेख करण्याची पाळी आली कीं सकाळपासून पाणी बंद. कोणीं विचारलेंच तर 'वय झालें' हें उत्तर तयार असे. हें उत्तर मोठें सोयीचें आहे. त्यांत विनय दिसतो, थोडें तत्त्वज्ञानही दिसतें, आणि पुढचा प्रश्न बंद होतो.

हेंच उत्तर आमच्या घरांत पूर्वीं एकदां फार महाग पडलें होतें. तें सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितलें पाहिजे. १९९८ सालीं आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, ७६ वर्षांचे होते. त्यांचें धोतर वरचेवर ओलें होऊं लागलें. अंथरूण भिजूं लागलें. जन्मभर पोस्टांत नोकरी केलेला, धुतल्या वस्त्राशिवाय घराबाहेर न पडणारा तो मनुष्य सकाळीं कोणी उठण्यापूर्वीं स्वतःच चादर पिळीत बसे. 'ताबा राहिला नाहीं, वय झालें' असें घरांत सर्वांनीं ठरविलें, आम्हींही ठरविलें. पुढें त्यांचे पाय सुजले, अन्नावरची वासना उडाली, तेव्हां दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं पोटावर हात ठेवला आणि लागलीच नळी घालावयास सांगितलें. पावणेदोन लिटर लघवी निघाली. मूत्राशय कित्येक महिने रिकामाच होत नव्हता. तो वेदना न होतां हळूहळू ताणला गेला होता आणि भरल्यावर जें थेंब थेंब बाहेर पडत होतें तेवढेंच आम्हांस दिसत होतें. हौद भरून वाहत होता आणि आम्ही त्याला गळका म्हणत होतों. तुंबलेल्या पाण्याचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोंचून तीं कायमचीं दुखावलीं होतीं. अण्णा पुढें दोन वर्षें जगले. त्यांनीं आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. त्यांना दोष देतांच आला नसता, कारण त्यासाठींही त्याच विषयावर बोलावें लागलें असतें.

एवढें डोळ्यांनीं पाहिलेला मुलगा स्वतःच्या बाबतींत तरी शहाणा होईल असें वाचकांस वाटेल. तो झाला नाहीं. वयाच्या ५६ व्या वर्षीं, डिसेंबरांत, भाच्याच्या लग्नासाठीं आम्ही कऱ्हाडला गेलों. अंगांत सर्दी होती. दुकानांतून सर्दीच्या गोळ्या आणून दुपारपर्यंत दोन घेतल्या. या गोळ्यांत बहुधा फेनिलएफ्रिन असतें, तें नाक मोकळें करतें. पण मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतें. जोडीला क्लोरफेनिरामिन असतें, तें शिंका थांबवितें. पण मूत्राशयाचा जोर कमी करतें. ज्याची वाट आधींच अरुंद झाली आहे त्याला हें दुहेरी संकट. संध्याकाळीं पांचनंतर एक थेंबही होईना. रिसेप्शनचे फोटो निघत होते आणि आम्ही मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूस भिंतीला डोकें टेकून उभे होतों. त्या कळांचें वर्णन करण्याचा मोह आम्ही टाळतों. रात्रीं अकराच्या सुमारास आमच्या कुटुंबानें आम्हांस शोधून काढलें, चेहरा पाहिला, एक अक्षर न विचारतां रिक्षा बोलावली. दवाखान्यांत नळी घातली आणि ८५० मिलिलिटर निघाले. जगांतील कोणत्याही काव्यानें तसा आनंद आम्हांस दिलेला नाहीं, आणि हें आम्ही वाङ्मयाचा प्राध्यापक या नात्यानें लिहीत आहों.

नळीसह गांवीं परतल्यावर ज्या मूत्रविकारतज्ज्ञाकडे गेलों तो आमचाच विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही आम्हांला अकरावीला इंग्रजी शिकवलंत," असें म्हणून तो उभा राहिला, आणि पुढें अदबीनें म्हणाला, "आता जरा डाव्या कुशीवर वळा." गुदद्वारांतून बोटानें तपासणी करतात, ती अर्ध्या मिनिटांत आटोपते. बोटाला ग्रंथी गुळगुळीत, लवचिक लागली तर बहुधा साधी वाढ. कठीण गांठ लागली तर पुढचा तपास. तीन वर्षें ज्याला आम्ही भीत होतों तो प्रसंग हजेरी घेण्यापेक्षांही कमी वेळांत संपला.

मग त्यानें प्रश्नपत्रिका दिली. सात प्रश्न, प्रत्येकास शून्य ते पांच गुण: पूर्ण मोकळें झाल्यासारखें वाटत नाहीं काय, धार तुटते काय, रात्रीं किती वेळां उठतां, असे. जन्मभर आम्ही पस्तीस गुणांस उत्तीर्ण करीत आलों. येथें पस्तीसांपैकीं जितके अधिक, तितकी अधोगति. आम्हीं आपणांस नऊ गुण दिले. कुटुंबानें कागद हातांत घेतला. "अहो, रात्रीं दोनदा? पाच वेळा दिव्याचं बटण वाजतं. मी जागीच असते." फेरतपासणींत आमचे बावीस गुण भरले. सातांपर्यंत सौम्य, एकोणिसांपर्यंत मध्यम आणि त्यापुढें तीव्र अशी वर्गवारी आहे. तीन वर्षें अंधारांत ती मोजीत होती आणि आमची अब्रू राखण्यासाठीं झोपेचें सोंग घेत होती, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

प्रॉस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गाभोवतीं, बोटांतल्या अंगठीसारखी बसलेली असते. तारुण्यांत ती अक्रोडाएवढी, सुमारें २० ग्रॅम वजनाची असते. चाळिशीनंतर तिचा आंतला भाग वाढूं लागतो आणि अंगठी घट्ट होते. पन्नाशींतल्या सुमारें निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखालीं दिसते. त्रास मात्र सर्वांस होत नाहीं, आणि आकारावरून त्रास ओळखतांही येत नाहीं. आमची ५४ ग्रॅमची निघाली. याहून मोठी बाळगून रात्रभर घोरणारे गृहस्थ आहेत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचा पुढें कर्करोग होत नाहीं. पण कर्करोग निराळा, बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागांत सुरू होतो, म्हणून आरंभीं तो लघवीस त्रास देत नाहीं. दोन्ही एकाच मनुष्यास असूंही शकतात. त्यासाठीं रक्तांतलें पीएसए पाहतात. नळी घातल्यानेंही तें वाढतें, म्हणून आमचें सहा आठवडे थांबून पाहिलें. लघवींत एकदांच, न दुखतां रक्त दिसलें तरी मात्र एक दिवसही थांबूं नये. विशेषतः ज्यानें विडी-सिगारेट ओढली आहे त्यानें, कारण तेथें मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. उलट रात्रीं उठणारा प्रत्येक जण प्रॉस्टेटचाच रोगी असतो असेंही नाहीं. मधुमेह, पायांवरची सूज, निजतांना घेतलेला चहा, हेही उठवितात.

मराठी परिभाषेंत या ग्रंथीला अष्ठीला असें एक नांव आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले, त्यांत वाताष्ठीला हा एक: मूत्राशय आणि गुद यांच्या मध्यें दगडासारखी गांठ येऊन लघवी अडते. आमच्या पूर्वजांना सर्वच ठाऊक होतें असा डांगोरा पिटावयाचा नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं, त्या काळच्या रोग्यानें वैद्याला हें सांगितलें असलें पाहिजे. नाहींतर वैद्य लिहिता कशावरून?

औषधें दोन मिळालीं. टॅमसुलोसिन आवळलेले स्नायू सैल करतें. त्याच्या बळावर तिसऱ्या दिवशीं नळी काढली, आणि आमची धार पुनः सुरू झाली. हें औषध घेणाऱ्यानें अंथरुणांतून एकदम उठूं नये, चक्कर येते. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्यांच्या डॉक्टरांस तें घेत असल्याचें सांगावें, कारण शस्त्रक्रियेच्या वेळीं बाहुली नीट ताठ राहत नाहीं. दुसरें फिनॅस्टराइड. याची कथा मोठी विलक्षण आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकांतल्या सालिनास नांवाच्या खेड्यांत कांहीं मुलें जन्मतः मुलींसारखीं दिसत आणि वयांत येतांना पुरुष होत. १९७४ सालीं त्यांच्याविषयींचें संशोधन प्रसिद्ध झालें: पुरुषी संप्रेरकाला तीव्र रूप देणारें एक विकर त्यांच्या शरीरांत अपुरें होतें, आणि मोठेपणींही त्यांची प्रॉस्टेट लहानच राहत असे. तेंच विकर अडविणारें औषध म्हणजे फिनॅस्टराइड; अमेरिकेंत त्याला १९९२ सालीं परवानगी मिळाली. त्याचा गुण यावयास सहा महिने लागतात. पीएसए तें सुमारें निम्म्यावर आणतें, हेंही डॉक्टरांस ठाऊक असावें लागतें, नाहींतर आंकडा फसवितो.

लघवी पुनःपुन्हा अडूं लागली, मूत्रपिंडांवर ताण आला, मूत्राशयांत खडे झाले, किंवा औषधांनीं भागेनासें झालें तर शस्त्रक्रिया. पोट न फाडतां मूत्रमार्गांतूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात. आतां लेझरही वापरतात. त्यानंतर वीर्य बहुधा उलटें मूत्राशयांत जातें. हें आमच्या विद्यार्थ्यानें आम्हां उभयतांसमोर, खाली न पाहतां सांगितलें. अकरावींत त्याचें इंग्रजी बेताचें होतें असें स्मरतें; पण साध्या भाषेंत सांगण्याची कला त्याच्यापाशीं आमच्याहून खचित अधिक आहे. आम्हांस शस्त्रक्रियेची गरज अद्याप पडलेली नाहीं. रात्रीं एकदां उठतों. दिव्याचें बटण आतां आम्ही मुद्दाम जोरानें दाबतों, त्यावर कुटुंब "झोपूं द्या कीं" असें म्हणतें.

सकाळीं फिरावयास जातों तेथें आमच्या वयाचीं चारपांच मंडळी जमतात. गुडघे, रक्तदाब, साखर यांवर तास तास बोलणें चालतें. या एका विषयावर कधींही नाहीं. गेल्या महिन्यांत त्यांतले एक निवृत्त मुख्याध्यापक बोलतां बोलतां दुसऱ्यांदा झाडाआड गेले आणि बराच वेळ आले नाहींत. परत येतांना आम्हीं त्यांना बाजूस घेतलें आणि विचारलें, "रात्रीं किती वेळां उठतां?"

त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें आणि छातीशीं हात धरून चार बोटें दाखविलीं.

सोमवारीं आम्ही त्यांना बरोबर घेऊन गेलों. वाटेंत त्यांनीं विचारलें, डॉक्टर माझाच विद्यार्थी निघाला तर?