मुरूड ते नेरूळ : मुलींच्या फायनलचा एक दिवस

30 ऑक्टोबर 2022 हा दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार. त्या दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचे शेवटचे दोन सामने होते : साडेचारला तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया विरुद्ध जर्मनी आणि रात्री आठला फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. विश्वचषकाची फायनल आपल्या किनाऱ्यापासून गाडीने चार तासांवर होत होती. तरीही मुरूडच्या आमच्या घरात ठरता ठरत नव्हते, कारण सामना मुलींचा होता आणि पाहायला जायचे तेही मुलींना घेऊन.

आमच्याकडे फुटबॉल ओहोटीच्या हिशेबाने चालतो. पाणी मागे गेले की ओली वाळू घट्ट होते आणि दोन चपला इकडे, दोन तिकडे ठेवून गोल तयार होतात. मुलगे पस्तिशीपर्यंत खेळतात. मुली दहा-बारा वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्यात धावतात, मग एक दिवस दिसेनाशा होतात. कुणी मनाई केली असे सांगता येत नाही, पण दिसेनाशा होतात एवढे खरे. घरातल्या तिघींपैकी मोठीचे तसेच झाले होते, मधलीचे होत आले होते. त्यामुळे 'टीव्हीवर बघा की' या नानीच्या म्हणण्याला तिघींकडे उत्तर नव्हते, नुसता हट्ट होता. नानीची हरकतही उगाच नव्हती. रात्रीचा परतीचा रस्ता, गर्दी, नमाजा, बायकांची सोय. शेवटी तिनेच तोडगा काढला : "मी येते. मग बघू."

सफरीचा बेत नमाजांच्या वेळांवर बसवला की निम्मे काम होते, हे कोकणातल्या घरांना नव्याने सांगायला नको. आम्ही शाफई. मुरूड ते नेरूळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कसर आणि जमा दोन्हीची सवलत. जोहर आणि असर दुपारीच एकत्र पढून घ्यायच्या, मगरिब इशासोबत रात्री. फजरनंतर लगेच निघालो, कारण दुपारनंतर सगळे पर्यटक मुंबईकडे परततात आणि रस्ता तुंबतो. काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, अलिबाग, वडखळ. पुढे मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचे रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. त्याविषयी रायगडकरांनी काय लिहावे! कर्नाळ्याचा सुळका दिसला तेव्हा धाकटी जागी झाली आणि घावन संपले होते.

पनवेलला मोहल्ल्यात आमच्या फुफीचे घर. रात्रीचा मुक्काम तिथेच ठरला होता, म्हणून नानीची अर्धी काळजी मिटली. चहा झाल्यावर फुफीची मुलेही गाडीत बसली आणि आम्ही बेलापूरला किल्ला बघायला गेलो. किल्ला म्हणजे आता एक बुरूज, थोडी भिंत आणि झाडी. राजपुरीच्या धक्क्यावरून रोज जंजिरा पाहणाऱ्यांना हे काही वाटू नये, पण हा किल्ला जंजिऱ्याच्याच सिद्द्यांनी बांधला असे सांगतात. पुढे तो पोर्तुगीजांकडे आणि 1733 साली चिमाजी अप्पांच्या वेळी मराठ्यांकडे गेला. आफ्रिकेतून आलेली माणसे आमच्या किनाऱ्यावर राज्यकर्ती झाली, खाडीच्या तोंडापर्यंत पोहोचली, हे मुलांनी पुस्तकात वाचलेले होते. संध्याकाळी आफ्रिकेतल्याच मुलींचा सामना बघायचा होता, तेव्हा मधलीने लगेच नाते जोडले. नायजेरिया पश्चिमेला आणि हबशांचा मुलूख पूर्वेला, हे सांगूनही तिचा आग्रह कायम राहिला.

बेलापूरहून नेरूळकडे जाताना शहर नीट दिसते. रुंद रस्ते, सेक्टरांचे आकडे, स्टेशनांवर उभ्या इमारती. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या शेतांवर, मिठागरांवर हे शहर उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये जासई भागात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. फुफांनी हे सगळे गाडी चालवता चालवता सांगितले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. नेरूळला आम्ही 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' नावाच्या तलावाभोवती फिरलो. भरतीचे आणि पावसाचे पाणी धरण्यासाठी केलेली ही जागा आता फिरायला छान झाली आहे. जवळच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात, मात्र त्यांच्यासाठी नोव्हेंबरनंतर जावे. आम्हाला बगळे भेटले.

नमाजेला मात्र अडचण झाली. ज्या मशिदीत गेलो तिथे पुरुषांची व्यवस्था उत्तम, बायकांसाठी जागाच नाही. नानी काही बोलली नाही. फुफीच्या ओळखीचे एक घर जवळ होते, तिथे सगळ्या बायका गेल्या, वुजू केला, पढल्या, आणि त्या घरच्या बाईंनी तांदळाची रोटी आणि खिमा खाल्ल्याशिवाय सोडले नाही. घरच्या बायकांना घेऊन जाणाऱ्यांनी ही चौकशी आधी करून ठेवावी. मशिदींच्या जमातींनीही जरा मनावर घ्यावे. फुफीचे घर पनवेलचेच, म्हणजे ते मुसाफिर नव्हेत; त्यांनी असर वेळ झाल्यावर वेगळी पढली आणि मग आम्ही स्टेडियमकडे निघालो.

2008 साली सुरू झालेल्या या स्टेडियमचे छप्पर हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी असे बांधले आहे की खांब कुठेच आडवा येत नाही. कुठेही बसा, मैदान पूर्ण दिसते. डबे आणि बाटल्या बाहेर ठेवाव्या लागतात, तेव्हा पोटभर खाऊनच आत जावे. गर्दीत कुटुंबे होती, शाळांच्या मुली होत्या, डोक्यावर ओढणी घेतलेल्याही बऱ्याच. नानीने ते पाहिले आणि चष्मा पुसला.

नायजेरियाने तीन गोल केले. त्यातला एक आमिनत बेल्लो हिचा. पडद्यावर नाव आले तेव्हा धाकटीने विचारले, "म्हणजे आमिना?" हो, आमिनाच, त्यांच्याकडे असे म्हणतात. त्यानंतर आमच्या रांगेचा पक्ष ठरला. जर्मनीने मात्र शेवटच्या अर्ध्या तासात तीनही गोल फेडले. सूर्य मावळला होता, मैदानावर 3-3 झाले आणि जादा वेळ न देता थेट पेनल्टी. नायजेरियाच्या मुलींची ही सलग तिसरी पेनल्टी होती : याच मैदानावर अमेरिकेला हरवले, गोव्यात कोलंबियाकडून हरल्या, आणि आज पुन्हा. या वेळी 3-2 ने जिंकल्या. या स्पर्धेतले त्यांच्या देशाचे हे पहिले पदक. नानी उभी राहून टाळ्या वाजवत होती, हे आम्ही गावात कुणाला सांगू नये अशी तिची सूचना होती. ती आज मागे घेतली आहे.

मधल्या दीड तासात फुफीकडच्यांनी मगरिब मागच्या मोकळ्या जागेत चादर पसरून पढली. आमची इशासोबत होणार होती. तेव्हा मोठीने एक गोष्ट सांगितली, जी तिने शोधून ठेवली होती. 2011 मध्ये इराणच्या महिला संघाला डोके झाकल्यामुळे अम्मानमध्ये ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नव्हता. 2012 मध्ये प्रायोगिक परवानगी मिळाली, 2014 मध्ये ती कायम झाली, आणि 2016 मध्ये हाच मुलींचा विश्वचषक जॉर्डनने भरवला. (पुढे 2023 मध्ये मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून मोठ्या विश्वचषकात खेळली, तेव्हा मोठीने आम्हा सगळ्यांना उठवून ते दाखवले.) या स्पर्धेतही मोरोक्को होता, भुवनेश्वरला त्यांनी भारताला 3-0 ने हरवले. आपल्या मुली तिन्ही सामने हरल्या, अमेरिकेकडून तर आठ गोलांनी. "आपल्याकडे बारा वर्षांनंतर कोणी खेळतच नाही, तर कसे होणार?" असे मोठी म्हणाली. अब्बांनी तिच्याकडे पाहिले आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. उत्तर त्यांना त्या वेळी सुचले नसावे. मुरूडला परतल्यावर शाळेच्या मैदानाची एक वेळ मुलींसाठी मागायला ते गेले. आठवड्यातून दोन दिवस मिळाले आहेत, तेही परीक्षा नसेल तेव्हा.

फायनल पहिल्या सामन्यासारखी गोलांनी भरलेली नव्हती. कोलंबियाची लिंडा कैसेदो, सतरा वर्षांची, पंधराव्या वर्षी कर्करोगातून उठलेली, चेंडू मिळाला की सगळे स्टेडियम पुढे सरकायचे. दक्षिण अमेरिकेचा संघ या स्पर्धेच्या फायनलला प्रथमच आला होता. पण 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्याच आना गुझमानच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्या गोलात गेला आणि त्या एका गोलावर स्पेन सलग दुसऱ्यांदा जिंकले.

बाहेर पडायला वेळ लागला, पण धक्काबुक्की नव्हती. पनवेलला मगरिब आणि इशा पढून जेवायला बसलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. (उरणकडच्या वाचकांना हे सगळे आता सोपे आहे, जानेवारी 2024 पासून उरणहून थेट नेरूळला लोकल जाते.) ताटावर मुली नायजेरियाबद्दल बोलतील असे वाटले होते. त्या गुझमानबद्दल बोलत होत्या. ती यांच्याच वयाची. एवढ्या लांब येऊन, फायनलमध्ये, स्वतःवरच गोल. आता रात्रभर काय करत असेल, कोणाशी बोलत असेल, यावर तिघींचे एकमत होईना.

नानीने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तिची आई आली असेल ना ग सोबत?"

हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.