मूळ गाव कोणते?

सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरून देणे हे माझे ठरलेले काम आहे. अनुसूचित जातींच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. कुणाचे आजोबा अकोल्याच्या गिरणीत, कुणाचे वीटभट्टीवर. पोटामागे फिरणाऱ्यांनी कागद कुठे जपावा? असाच एक अर्ज भरताना "मूळ गाव" या रकान्यावर माझ्या मुलीने बोट ठेवले. "बाबा, आपन मूयचे कुठले?" मी म्हटले, "चाल, रविवारी दाखवतो."

अमरावतीहून मोर्शीपर्यंत एस. टी. पुढे जीप, आणि मग पायवाट. मोर्शीच्या उत्तरेला, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळ गावाजवळ सातपुड्याच्या कपारी आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना २००७ मध्ये येथे आदिमानवाची चित्रे सापडली. वर खडकाचे छत, खाली सावली, समोर दरी. भिंतीवर गेरूने काढलेली जनावरे. मुलगी बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "यांच्याजवय कागद नोयता, तरी लिहून ठेवलं!"

तिथेच दगडावर शिदोरी सोडली आणि मी तिला वाचलेले सांगितले. आजच्या जगातल्या सर्व माणसांचे मूळ आफ्रिकेत आहे. साधारण ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी काही टोळ्या तिथून निघाल्या. अरबस्तानावरून त्या भारतात आल्या, आणि इथून पुढे गेलेल्यांचे वंशज समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात पोचले. बर्फयुगात समुद्राचे पाणी उतरले होते, तेव्हा सैबेरियाकडून माणूस अमेरिकेत उतरला. न्यूझीलंडला तर तो जेमतेम सातआठशे वर्षांपूर्वी पोचला. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच सापडले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे खानदेशात शहामृग होते, आणि पोट भरल्यावर नक्षी काढणारा माणूसही होता!

आपल्या मेळघाटातले कोरकू बांधव पाण्याला "डा" म्हणतात. झारखंडचे संथाळ म्हणतात "दाक्". या बोलींचे गणगोत थेट कंबोडिया-व्हिएतनामच्या भाषांशी जुळते. रक्ताच्या तपासणीतून दिसते, की या लोकांच्या बापाकडचा एक धागा पूर्वेकडून आला आणि आईकडचे धागे इथल्याच मातीतले. असेच उत्तर-पश्चिमेकडूनही लोक येत गेले, मिसळत गेले.

हैदराबादच्या सी. सी. एम. बी. आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत भारतातले समूह एकमेकांत मोकळेपणाने मिसळत होते. पुढे जातीबाहेरची लग्ने थांबली. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मर्म सांगितले होते: जातीचा पाया म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. तेव्हा रक्त तपासण्याची यंत्रे नव्हती. समाज बारकाईने पाहणारी नजर होती.

हजारो वर्षे चालत आलेल्या माणसाला गावकुसाबाहेर उभे केले, ते फार अलीकडे. पुन्हा त्यालाच विचारायचे, तू राहतोस त्याचा पुरावा दे!

निघताना पाहिले, एका चित्रावर कुणी कोळशाने बदामात आपले नाव कोरले होते. मुलीने रुमाल काढला. मी तिला थांबवले, कारण पुसताना खालचे चित्रही जाईल. बंधू-भगिनींनो, मुलाबाळांना घेऊन तिथे जरूर जा. पण हात लावू नका, चूल पेटवू नका, नाव लिहू नका.

घरी आल्यावर तो अर्ज पुन्हा पुढ्यात आला. मूळ गावाच्या रकान्यात मी आजोबांच्या खेड्याचे नाव लिहिले. कार्यालयाला तेवढेच लागते. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, रकाना लहान हाय."