पडाव आणि दप्तर

आमच्या गावाचे 'लष्कर' हे नाव मुळात गावाचे नव्हेच. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. राहुट्या उभ्या राहिल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत, आणि त्या पडावाचेच शहर झाले. कंपू ही येथली वस्ती आजही त्या दिवसांची आठवण देते. अशा गावात वाढलेल्या माणसाला इतरांच्या पडावांविषयी कुतूहल वाटावे, यात नवल नाही. मला अनेक वर्षे ओढ लागली ती दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या पडावाची.

तो बर्फ कोठे आणि आमचा मध्य हिंदुस्थान कोठे, असे कोणी विचारील. परंतु स्कॉटचा सहकारी कॅप्टन ओट्स हा आपल्या महूच्या छावणीतला घोडदळाचा अधिकारी. दुसरा सहकारी बॉवर्स हाही हिंदुस्थानच्या सागरी सेवेतला. घोड्यांची जाण म्हणून मोहिमेची तट्टे ओट्सच्या हाती सोपविण्यात आली. ती मंचुरियाची तट्टे थकलेली व दुबळी निघाली. मऊ बर्फात ती पोटापर्यंत रुतत. पुढल्या वर्षासाठी हिमालयात सरावलेली खेचरे मागवावीत, अशी सूचना ओट्सने केली. त्याप्रमाणे हिंदुस्थान सरकारने सात खेचरे पाठविली. बर्फाच्या तेजाने डोळे जाऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी रंगीत चष्मे होते, आणि खुरांसाठी बर्फात चालण्याची पायताणे होती.

१९१२ च्या आरंभी खेचरे पोहोचली, तेव्हा स्कॉट परतीच्या वाटेवर होता. १७ जानेवारीस तो चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोचला. पण आमुन्डसेन १४ डिसेंबर १९११ रोजीच तेथे येऊन गेला होता. परतताना एव्हान्स वाटेत मरण पावला. ओट्सचे पाय हिमदंशाने निकामी झाले. आपल्यापायी इतरांची चाल मंदावते आहे, हे ओळखून मार्चच्या मध्यास तो वादळ चालू असताना तंबूबाहेर पडला, तो परतलाच नाही. स्कॉट, विल्सन व बॉवर्स यांनी अन्नसाठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर शेवटचा तंबू ठोकला.

ध्रुवावरचा उन्हाळा पुन्हा आला, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस शोधपथक निघाले. ज्या ओट्सच्या सूचनेवरून खेचरे आली होती, त्याच्याच शोधासाठी ती आता ओझी ओढू लागली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब ही त्यांची नावे मोहिमेच्या वृत्तांतात नोंदलेली आहेत. आपला दाणा सोडून चहाचा चोथा, दोर आणि तंबाखूची राख ती आवडीने खात, हेही लिहून ठेवलेले आहे. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी बर्फाखाली दबलेला तो तंबू सापडला. आत तिघांचे देह होते, रोजनिश्या व पत्रे होती, हवामानाच्या नोंदी होत्या. आणि जवळच घसरगाडीवर ३५ पौंड दगड होते.

भार कमी व्हावा म्हणून कितीतरी वस्तू टाकून दिल्या गेल्या होत्या, पण हे दगड मात्र कोणी टाकले नाहीत. त्यांवर ग्लॉसॉप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत सापडतात, ते याच वनस्पतीचे ठसे. या थरांना भूवैज्ञानिकांनी आपल्या गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवन' हे नाव दिले आहे. दक्षिणेचा तो हिमखंड आणि आपली भूमी एके काळी जोडलेल्या होत्या, याची एक साक्ष त्या दगडांत होती.

आता घरची गोष्ट. लष्करातला आमचा वाडा वाटणीत विकावयाचे ठरले आहे. माळ्यावरची पेटी उतरविली, तेव्हा लाल रुमालात बांधलेल्या मोडी वह्या निघाल्या. माझे पणजोबा संस्थानच्या वाहतूक पथकात कारकून होते. १८९५ साली ते पथक चित्रळच्या मोहिमेवर गेले. कोणत्या तट्टास किती दाणा दिला, कोणते लंगडले, कोणते घाटात पडले, याचा रोजचा हिशेब त्या वह्यांत आहे. पुतण्या म्हणाला, "काका, यांत जमिनीचा कागद एकही नाही. रद्दीवाला उद्या येणार आहे. मग हे ठेवायचे कशाला?"

त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता आणि त्यात तिरस्कार नव्हता. मी त्याला त्या दगडांची हकीकत सांगितली. मग गोव्याची सांगितली. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. पुढे उभारलेल्या 'दक्षिण गंगोत्री' केंद्रात १९८४ साली टपाल कचेरीही निघाली. डोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या, नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत तिसऱ्या मोहिमेत तेथे जाऊन आल्या. ते केंद्र काही वर्षांतच बर्फाखाली गेले, आणि १९९० मध्ये ते सोडावे लागले. परंतु पहिल्या मोहिमेतील सर्वांची नावे कोरलेला तेथला फलक अंटार्क्टिक करारान्वये संरक्षित ऐतिहासिक स्मारक ठरला आहे.

ज्या १९१० साली स्कॉटचे जहाज निघाले, त्याच साली पुण्यात राजवाडे व मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. राजवाड्यांना महाराष्ट्राचा इतिहास सापडला तो असल्याच माळ्यांवरच्या रुमालांत. त्यांतही कित्येक कागद दाण्यावैरणीचेच होते. पानिपतावर गेलेल्या फौजेचे हाल समजावयाचे असतील, तर विजयाची पत्रे पुरत नाहीत. जनावरे केव्हा उपाशी पडली, हेही ठाऊक असावे लागते.

पुतण्या काही वेळ गप्प होता. मग त्याने एक वही उघडून विचारले, "हे अक्षर कोणते?" ते 'ठ' होते. रद्दीवाला दुसऱ्या दिवशी आला, आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन गेला.

वाचकहो, आपल्या घरांत, आपल्या देवस्थानांच्या कोठारांत, उत्सवाच्या तेलातुपाचे, भोयांच्या मजुरीचे, पालखीपुढे चालणाऱ्यांच्या शिध्याचे हिशेब अजून पडून असतील. वाळवी त्यांतली नावे ओळखत नाही. या पावसाळ्यापूर्वी एक रुमाल सोडून पाहावा, उन्हात न ठेवता सावलीत वारा द्यावा, आणि मोडी जाणणारा कोणी जवळ असेल तर त्याच्याकडून पहिले पान तरी वाचून घ्यावे.