सरडा आणि विश्वास

मराठीने सरपटणाऱ्या प्राण्यांवर कधी माया केली नाही. मनात शंका आली की आपल्या भाषेत पाल चुकचुकते. माणूस शब्द फिरवू लागला की तो सरड्यासारखा रंग बदलतो, आणि त्याची झेप तोकडी पडली की ती सरड्याची कुंपणापर्यंतची धाव ठरते. पंचांगात तर पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असता काय फळ मिळते, याचे कोष्टकच छापलेले असते. या साऱ्या कुळात एका घोरपडीला तेवढा मान मिळाला, पण तोही १६७० साली तानाजीने तिच्या आधाराने कोंडाण्याचा कडा चढला या दंतकथेपुरता. वाक्प्रचार शिकवताना ही यादी आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. तिच्यात अविश्वास हा एकच भाव भरून राहिला आहे, हे ध्यानात येण्यासाठी मात्र एक खराखुरा सरडा घरात यावा लागला.

तो आला २०२४ च्या दिवाळीनंतर. नागपूरचे आमचे एक नातलग परदेशी निघाले होते आणि त्यांच्याकडचा हिरवा इग्वाना सोबत नेणे त्यांना शक्य नव्हते. आमची मुलगी त्याच वर्षी शिक्षणासाठी वसतिगृहात गेली होती. तिची खोली रिकामी होती, संध्याकाळी महाविद्यालयातून परतल्यावर घर फार शांत वाटे, आणि कोणीतरी आपली वाट पाहावी अशी एक न कबूल केलेली इच्छा आमच्या होकारामागे होती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही कबुली आधीच दिलेली बरी.

आपल्याकडची घोरपड पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते आणि तो एका घरातून दुसऱ्या घरी गेला तर तेही कळवावे लागते. हे सोपस्कार पुरे झाले आणि शेपटीसकट तीन फुटांचा तो जीव एका पेटीत बसून जवाहरनगरला पोचला. शेजारचे काका आयुध निर्माणीत नोकरीला आहेत. त्यांनी कुंपणावरूनच विचारले, ‘‘हे घोरपड कायले आणली जी, सर?’’ घोरपड नव्हे, हा निव्वळ पाला खाणारा प्राणी आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण पुढचे दोन महिने ते आमच्या ओट्यावर चढले नाहीत.

आम्ही त्याचे नाव नृग ठेवले. दानात झालेल्या एका चुकीमुळे सरडा होऊन विहिरीत पडलेल्या राजाची कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. कृष्णाचा हात लागताच तो मुक्त होतो. घरातल्या आईंना ते नाव जड वाटे, त्या नुसते ‘राजा’ म्हणत. नाव ठेवताना आमच्या मनात कथेचा शेवट अधिक होता, हे आता जाणवते. आपला हात लागेल आणि हा प्राणी आपला होईल, असे आम्ही धरून चाललो होतो.

पहिले सहा दिवस त्याने काही खाल्ले नाही. जुन्या लोखंडी कपाटाला जाळीचे दार लावून सुताराने पिंजरा केला होता आणि आत पेरूची जाड फांदी आडवी बसवली होती. तिच्या सर्वांत वरच्या टोकाला तो चिकटून बसे. अंग काळपट पडलेले, बरगड्या भात्यासारख्या भरभर हलत. आम्ही तासातासाला डोकावत होतो, ताटली बदलत होतो, हाका मारत होतो. अखेर नागपूरच्या पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तापमानाचा. हा प्राणी स्वतःची ऊब स्वतः तयार करू शकत नाही. अंग तापल्याशिवाय त्याला पाला पचत नाही, आणि पचणार नाही तो पाला त्याने खावा तरी कसा? आम्ही त्याला दिवसभर खिडकीपाशी ठेवत होतो, पण हाडांसाठी लागणारे अतिनील ‘ब’ किरण खिडकीची काच अडवते. मग वर वेगळी नळी लागली, फांदीच्या एका टोकाशी पस्तीस अंशांच्या आसपास ऊब राहील असा बल्ब लागला, आणि दुसरे टोक मुद्दाम थंड ठेवले, म्हणजे कुठे बसायचे ते त्याचे त्याला ठरवता यावे. पालकाची भाजी ताटलीतून गेली, कारण तिच्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. तिच्या जागी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले आणि भोपळ्याचा कीस आला. त्याच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून पिंजऱ्याला हात लागला की साबणाने धुवायचा, हा नियमही झाला. आईंचे सोवळे आणि डॉक्टरांचा सल्ला असे या एका मुद्द्यावर एकत्र आले.

डॉक्टरांचा दुसरा सल्ला आम्हाला अधिक कठीण गेला: काही करू नका. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका, रोज ठरलेल्या वेळी पाला-पाणी ठेवा आणि दोन आठवडे त्याला हात लावू नका. खोलीत बसा, पण त्याच्याकडे टक लावून पाहू नका. मग आमच्यापैकी एकजण रोज संध्याकाळी सहा ते सात तिथे खुर्ची टाकून बसू लागला. सत्र परीक्षेचे सारे पेपर आम्ही त्या खोलीत तपासले. सातव्या दिवशी पानाचा कुरकुर आवाज आला. आम्ही मान वर केली नाही.

इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला आकृती दिसत नाही, केवळ उजेड आणि सावली कळते, आणि वरून येणारी सावली म्हणजे झडप घालणारा पक्षी. आम्ही दाराच्या वरच्या बाजूने हात घालीत होतो, म्हणजे दिवसातून दोनदा त्याच्यासाठी घार होत होतो. तेव्हापासून हात बाजूने आणि खालच्या पातळीवरून जाऊ लागला, तोही त्याला दिसेल असा आणि सावकाश.

तिसऱ्या आठवड्यात त्याने हातातले जास्वंदीचे फूल घेतले. त्याच आनंदात आम्ही त्याच्या पाठीवर बोट फिरवले. त्याने डोळे मिटले. ही तृप्ती, असे आम्ही समजलो आणि मुलीला तसे फोनवर सांगितलेही. आठवडाभर रोज तोच प्रकार चालला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ते पाहिले आणि म्हणाले, ‘‘त्याला पळायला जागा नाही, म्हणून त्याने तुम्हाला बंद करून टाकले आहे. डोळे नका बघू, बरगड्या बघा.’’ पाहिल्या, तर त्या भरभर हलत होत्या. वीस वर्षे कवितेचा अर्थ लावायला शिकवणाऱ्या आम्हा दोघांना हे वाचन चुकले होते, आणि ते का चुकले हेही स्पष्ट होते. आम्हाला जे हवे होते तेच आम्ही त्याच्या मिटल्या डोळ्यांत वाचले.

‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे. याच धातूला ‘वि’ लागून विश्वास झाला आणि ‘आ’ लागून आश्वासन. व्युत्पत्तीच्या तासाला आम्ही हे सांगतो आणि पुढे सरकतो. निर्धास्तपणे श्वास घेता येणे हा त्या शब्दाचा तळाचा अर्थ आहे; त्यात प्रेम नाही, कृतज्ञता नाही, जवळ येणेही नाही. आम्ही हात लावणे थांबवले आणि बरगड्या पाहू लागलो. आत गेल्यावर त्या वेगाने हलतात का, किती वेळाने संथ होतात, एवढेच. डिसेंबरअखेर त्या दार उघडल्यावरही संथच राहू लागल्या.

२४ जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास निर्माणीत स्फोट झाला. आमच्या घराच्या काचा थरथरल्या. आठ कामगार त्यात गेले. कोणाचा माणूस कोणत्या पाळीत, कोणत्या विभागात, ही मोजणी त्या दिवशी इथले प्रत्येक घर करीत होते. शेजारच्या काकू दुपारभर आमच्या ओट्यावर बसून होत्या. काका दुसऱ्या विभागात होते, ते अंधार पडल्यावर परतले. अशा दिवसाच्या संदर्भात एका सरड्याविषयी लिहिणे अप्रशस्त वाटते, म्हणून इतकेच सांगतो की तो पुन्हा काळा पडला, फांदीच्या वरच्या टोकाला गेला आणि त्याने चार दिवस पाल्याला तोंड लावले नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीच खुर्ची, सहा ते सात.

दहाएक दिवसांनी एका संध्याकाळी काका आले. ओट्यावर थांबले नाहीत, सरळ त्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. त्या दिवसांत त्यांच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि प्रत्येकजण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘‘यालेबी आवाज गेला असन का जी?’’

‘‘गेला असणार. याला जमिनीतला हादराही कळतो.’’

‘‘तुम्ही याले हात नाही लावत?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं करता,’’ ते म्हणाले आणि सात वाजेपर्यंत बसून राहिले.

आता त्यांच्या परसातल्या शेवग्याचा पाला दर रविवारी येतो. तो ते स्वतः ठेवतात. हात बाजूने जायला हवा हे त्यांना सांगावे लागले नाही. नृग अजून आमच्यापैकी कोणाच्याही मांडीवर आलेला नाही आणि येईल असेही वाटत नाही. मुलगी फोनवर विचारते, ‘‘आता ओळखतो का तो तुम्हाला?’’ त्याचे नेमके उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही खोलीत गेलो की त्याचा श्वास बदलत नाही, असे आम्ही तिला सांगतो.